रोज एक गाणं, वर्षभर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेलं वर्षभर, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, मी रोज एक आवडतं गाणं घरच्या आणि नागपूरच्या आमच्या मोहल्ल्यातल्या तीसेक जणांना पाठवलं. आता त्यांच्यापैकी काहींनी आपापला नेम धरला आहे. त्यांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे प्रश्न सारखे येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. प्रश्न ज्या भाषेत आले, त्याच भाषेत ठेवले आहेत.

१. हे नेमकं काय करून राह्यले तुम्ही? थोडक्यात सांगा नं.

रोज एक गाणं निवडायचं, ठरलेल्या माणसांना पाठवायचं आणि सोबत दोन-चार ओळी लिहायच्या. असं ३६५ दिवस. ओळींमध्ये तीन गोष्टी असाव्यात: गाणं कोणाचं आहे (लिहिणारा, चाल लावणारा, गाणारा), ते माझ्याकडे कोणाकडून आलं, आणि पहिल्यांदा कुठे ऐकलं. यातली मधली गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. तिच्याबद्दल प्रश्न ५ मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

२. तीनशे पासष्ट! एवढी आवडती गाणी असतात का हो कोणाची?

असतात. पहिल्या दिवशी वही घेऊन बसले तेव्हा साठ-सत्तर नावं भराभर लिहिली आणि हात थांबला. दोन दिवस काही सुचेना. मग गाणी आठवायचं सोडलं आणि जागा आठवायला लागले. आजीचं महाल भागातलं घर, शाळेचं गॅदरिंग, रामटेकला जाणारी एसटी, गणपती मंडळाचा भोंगा, आत्याच्या लग्नातला बँड, होस्टेलची खोली, चुलतभावाचा टेपरेकॉर्डर. एकेका जागेत दहा-पंधरा गाणी निघाली. आठवड्याभरात वही दोनशेच्या पुढे गेली. उरलेली वर्षभरात आपोआप येत गेली, कारण एक गाणं पाठवलं की ऐकणारे त्याच्या पाठोपाठचं आठवून देतात.

एक हिशेबही मनाशी ठेवा. गाणं सरासरी चार मिनिटांचं धरलं तर ३६५ गाण्यांची १४६० मिनिटं होतात, म्हणजे २४ तास २० मिनिटं. वर्षभराची सगळी गाणी मिळून जेमतेम एक दिवस आणि एक रात्र. जुनी गाणी तर त्याहून आखूड. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावायची आणि गाणं तेवढ्यात बसवावं लागायचं. आयुष्यभर ऐकलेल्यातून एका दिवसापुरतं वेचायचं आहे, असं म्हटलं की आकडा अंगावर येत नाही.

३. सुरुवात १ जानेवारीला करावी की गुढीपाडव्याला?

कोणत्याही दिवशी करा, पण शेवट कधी ते आधी ठरवा. पाडवा ते पाडवा करणार असाल तर दिवस मोजून घ्या. साधं चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं असतं, अधिक महिना आला की ते ३८४ च्या आसपास जातं. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे त्या पाडव्याला सुरुवात करणाऱ्याला जवळजवळ वीस गाणी जास्त लागतात.

हे अवघड वाटलं तर ‘गीतरामायण’ आठवा. गदिमा आणि सुधीर फडके यांनी १९५५ च्या रामनवमीपासून आकाशवाणी पुणे केंद्रावर आठवड्याला एक नवं गीत दिलं. वर्षाच्या हिशेबाने बावन्न गीतं व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि ती छप्पन झाली. आपल्याला तर लिहायचंही नाही, चालही लावायची नाही, फक्त निवडायचं आहे.

४. मला रागबिग काही समजत नाही. मी केलं तर चालेल का?

चालेल. आमच्यातलं सगळ्यात सुंदर लिहिणं एका मामींचं असतं. त्यांना सूर-ताल यातलं काहीही येत नाही. त्या सांगतात की हे गाणं लागलं की वडील सायकल पुसता पुसता थांबायचे.

५. सोबतच्या ओळींत लिहू काय? ‘छान गाणं आहे, ऐका’ याच्यापुढे मला सुचतच नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. उत्तर नेहमी एकच देते: गाणं तुमच्याकडे कोणाकडून आलं ते लिहा. आवडतं गाणं सहसा आपण एकटे शोधून काढत नाही. कोणीतरी गुणगुणत होतं, कोणीतरी रेडिओ मोठा केला, कोणीतरी कॅसेट भरून दिली. त्या माणसाचं नाव लिहिलं की पुढचं वाक्य आपोआप येतं.

माझाच एक दिवस सांगते. आई कणीक मळताना ‘माझिया माहेरा जा’ म्हणायची. लहानपणी मला ते आईनेच केलेलं गाणं वाटायचं. पाठवायच्या आदल्या रात्री नीट माहिती पाहिली. आवाज ज्योत्स्ना भोळे यांचा, चाल पु. ल. देशपांडे यांची, शब्द राजा बढे यांचे. आईला फोन करून विचारलं, तुझ्याकडे कोणाकडून आलं? ती म्हणाली, सक्करदऱ्याला आपल्या शेजारी राहायच्या त्या काकूंकडून. माहेरी जायचं ठरलं की चार दिवस आधीपासून त्या अंगण झाडताना हेच म्हणायच्या. त्या गेल्यालाही आता वीस वर्षं झाली. आईने त्यांचं नाव इतक्या वर्षांत माझ्यापुढे कधी काढलं नव्हतं, त्या रात्री अर्धा तास त्यांच्याबद्दलच बोलली. आणि राजा बढे जन्माने नागपूरचे. गाणं मुंबई-पुण्याकडून फिरून आलंय असं मी धरून चालले होते, त्याचे शब्द आपल्याच गावच्या माणसाचे निघाले.

एवढं सगळं पाठवायची गरज नाही. मी पाठवलं ते इतकंच: ‘आईकडून. आईकडे सक्करदऱ्याच्या काकूंकडून. त्या माहेरी निघाल्या की हे म्हणायच्या.’

६. नागपूरची गाणी किती सापडतील? काही नावं सांगा.

नेम नागपूरचाच असावा असं बंधन नाही, पण शोधायला लागलं की सापडत जातं. राजा बढे प्रश्न ५ मध्ये आलेच. महाराष्ट्राचं राज्यगीत झालेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ त्यांचंच, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज. ज्या माणसाने ते लिहिलं त्याचंच ‘चांदणे शिंपीत जाशी’ आहे, हे कळल्यावर मी दोन्ही गाणी लागोपाठच्या दिवशी पाठवली. दुसऱ्या दिवशी आमच्या मोठ्या बाबांचा (थोरल्या काकांचा) फोन आला की हे इतकी वर्षं मला कोणी सांगितलंच नाही.

सुरेश भट अमरावतीचे, पण आयुष्याचा मोठा काळ नागपुरात राहिले. रेशीमबागेतल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. त्यांच्या गझला आणि गीतं हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींत लता-आशांनी गायली, त्यांतल्या आठ-दहा तरी कोणाच्याही यादीत येतील. ग्रेस नागपूरचे, त्यांचं ‘भय इथले संपत नाही’ लताबाईंच्या आवाजात आहे. ते मी पावसाळी संध्याकाळसाठी राखून ठेवलं होतं. कवी अनिल यांचं ‘अजुनी रुसून आहे’ कुमार गंधर्वांनी गायलं, आणि त्यांचंच ‘कुणी जाल का सांगाल का’ वसंतराव देशपांडे यांनी. वसंतराव लहानपणी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले. सिव्हिल लाइन्सच्या देशपांडे सभागृहात आपण नाटकं पाहतो, ते सभागृह याच वसंतरावांच्या नावाचं. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ मध्ये रंगमंचावर आलं, त्यातलं त्यांचं ‘घेई छंद मकरंद’ पाठवलं त्या दिवशी तीन घरांत ते जेवणाच्या वेळी मोठ्या आवाजात लागलं होतं.

आणि तुकडोजी महाराज. खंजिरीवरचं ‘या झोपडीत माझ्या’ ज्याने गावच्या प्रार्थनेत ऐकलं आहे त्याला मी काही सांगायला नको. ज्याने ऐकलेलं नाही त्याने ते स्टुडिओतल्या वाद्यमेळापेक्षा एखाद्या भजनी मंडळाच्या साध्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकावं, असा माझा आग्रह आहे.

७. हिंदी गाणी चालतात का? आमच्या घरी तर अर्धं बोलणंच हिंदी आहे.

चालतात, आणि नागपुरात ती आली नाहीत तरच नवल. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्याआधी सीपी अँड बेरारची (मध्य प्रांत आणि वऱ्हाडची). आमच्या आजोबांची नोकरी हिंदीत झाली, भांडणं मराठीत, आणि रेडिओ दोन्हींत. आकाशवाणी नागपूर १९४८ पासून आहे, विविध भारती १९५७ मध्ये आली, आणि घरात एकच रेडिओ असल्यामुळे कोणतं गाणं कोणत्या भाषेतलं म्हणून कोणी वेगळं काढलं नाही. माझ्या यादीत साधारण तिसरा हिस्सा हिंदी होता. छत्तीसगढी, गोंडी, बंगाली गाणी ज्यांच्या घरी आहेत त्यांनी ती जरूर पाठवावीत, फक्त सोबत दोन ओळींत अर्थ द्यावा.

८. पाठवायची वेळ कोणती बरी? सकाळ की रात्र?

एकच वेळ ठरवून ती पाळणं जास्त महत्त्वाचं. मी सकाळी साडेसहाला पाठवायचे, कारण आमच्याकडे बहुतेक जण चहाच्या वेळी फोन हातात घेतात.

याला दोन अपवाद केले. रागदारीचं गाणं त्याच्या वेळेला पाठवलं: भैरव सकाळी, भीमपलास दुपारी उतरत्या उन्हात, यमन दिवेलागणीला, मालकंस रात्री उशिरा. यमन सकाळी साडेसहाला ऐकला तर बिघडत काही नाही, पण संध्याकाळी सहा-सातला गच्चीवर ऐकून पाहा. दुसरा अपवाद उन्हाळ्याचा. एप्रिल-मे मध्ये घरोघरी डेझर्ट कूलर सुरू असतो आणि त्याच्या घरघरीत हळू आवाजाचं गाणं ऐकूच येत नाही. बारीक, अलवार गाणी मी त्या दोन महिन्यांत पहाटेला ठेवली आणि दुपारच्या वाट्याला ढोलकी-खंजिरीची दिली. नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) सुरू असताना पहाटे पाचला गच्चीवर झोपलेल्या माणसाला जे गाणं ऐकू येतं, ते त्याच्या आयुष्यभर लक्षात राहतं. मला राहिलं आहे.

९. सणावारी काय पाठवायचं? तीच ती गाणी तर सगळेच पाठवतात.

सगळे पाठवतात ते सोडून आपल्या गल्लीत काय वाजतं ते आठवा. आपल्याकडे त्याला तोटा नाही. पोळ्याला बैल उभे राहिले की झडत्या (यमक जुळवलेल्या ओळी) म्हणतात, त्या गाण्यात धरायच्या की नाही असं एकाने विचारलं होतं. मी धरते. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा (लहान मुलांचा, लाकडी बैलांचा) आणि मारबत (इडापिडा घेऊन जा म्हणत मिरवून नेतात ते मोठे पुतळे). मारबतीच्या मिरवणुकीतल्या आरोळ्यांचं मी महालातून फोनवर चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग केलं आणि त्या दिवसाचं गाणं म्हणून तेच पाठवलं. अमेरिकेतला भाचा ते सलग पाच वेळा ऐकून बसला.

भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी. हा एक महिना माझ्या वर्षातला सगळ्यात समृद्ध ठरला. पुण्याकडचा भोंडला बहुतेकांना माहीत असतो, पण मातीच्या भुलाबाई-भुलोजींपुढे टिपऱ्या घेऊन म्हटलेली ही गाणी, आणि शेवटी डबा हलवून खाऊ ओळखायला लावणं, हे आपलं. प्रत्येक घरी चाल जराशी वेगळी, कडव्यांतली नावं वेगळी. मी एकाच गाण्याची तीन घरांतली तीन रूपं लागोपाठ तीन दिवस पाठवली (याचा नियम प्रश्न १३ मध्ये).

१०. भीमगीतं, भजनं, कव्वाली, चर्चमधली गाणी... कोणाला धार्मिक गाणं नको असेल तर?

मी सगळी पाठवली. १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली त्या गावात राहून भीमगीतांशिवाय वर्ष पूर्ण होऊ शकत नाही, असं मला मनापासून वाटतं. दरवर्षी त्या दिवसांत दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर रात्रभर गाणी चालतात. वामनदादा कर्डक यांचं ‘उद्धरली कोटी कुळे’ मी तिथेच, पुस्तकांच्या दुकानांपुढे उभी राहून पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. मला ते कॉलेजातल्या मैत्रिणीकडून मिळालं, आणि तिला तिच्या आजीकडून. तेच मी लिहिलं.

एखाद्याला नको असेल तर त्याने त्या दिवशी ऐकू नये. मात्र पाठवणाऱ्याने उपदेश जोडू नये. ‘हे ऐकलंच पाहिजे’ असं लिहिलं की गाण्यापेक्षा ते वाक्यच लोकांच्या लक्षात राहतं.

११. आम्ही सात मैत्रिणी आहोत. एकेकीने एकेक वार घेतला तर चालेल?

चालेल. प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला बावन्न गाणी येतात आणि एकीकडे त्रेपन्न. मात्र वार पक्के ठेवा, अदलाबदल सुरू झाली की दोन महिन्यांत नेम मोडतो. एकटीने करण्यातला आनंद वेगळा आहे एवढंच सांगते, कारण त्यात शंभराव्या दिवसानंतर जे वर येतं ते बावन्न गाण्यांत येत नाही.

१२. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन पाठवायची का?

नाही. चुकला तो चुकला. वहीत त्या तारखेपुढे रेघ मारा आणि आजचं गाणं पाठवा. माझे चार दिवस चुकले आहेत, त्यांतले दोन नेटवर्कमुळे आणि दोन तापामुळे. एका दिवशी दोन गाणी आली की लोक एकही नीट ऐकत नाहीत. मुद्दाम थांबायचं असेल तर ते वेगळं, त्यासाठी प्रश्न १८.

१३. तेच गाणं पुन्हा चालेल का? समजा दुसऱ्या आवाजात?

तेच रेकॉर्डिंग पुन्हा नको. दुसरा आवाज, दुसरी चाल, मैफलीतलं रूप चालतं, पण तेव्हाच, जेव्हा ते तुमच्याकडे दुसऱ्या माणसाकडून आलेलं असेल. एकच अभंग मला आजोबांकडून मिळाला तो देवळातल्या चालीत, आणि भावाकडून मिळाला तो भीमसेन जोशींच्या आवाजात. माझ्या दृष्टीने ती दोन गाणी आहेत. नुसतं ‘याचं नवीन व्हर्जन पाहा’ म्हणून पाठवायचं असेल तर तो दिवस दुसऱ्या गाण्याला द्या.

१४. फाइल पाठवू की लिंक? कॉपीराइटचं काही लफडं होत नाही नं?

अधिकृत ठिकाणची लिंक पाठवा. फाइलींच्या प्रती करून वाटणं टाळा. भारतातल्या १९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. पण रेकॉर्ड जुनी झाली म्हणून गाण्याचे शब्द मोकळे होत नाहीत. शब्द आणि चाल यांचा हक्क त्यांच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. सुरेश भट २००३ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या ओळींना २०६३ अखेरपर्यंत संरक्षण आहे. म्हणून मी पूर्ण गीत टाइप करून कधी पाठवत नाही. तसंही गाणं ऐकायचं असतं.

१५. ग्रुप करू की प्रत्येकाला वेगळं पाठवू?

व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, पण या कामाला तीस-चाळीस पुष्कळ झाली. ब्रॉडकास्ट लिस्ट केली तर २५६ जणांना जातं, मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतं. हे माहीत नसल्यामुळे माझ्या एका वहिनींना पहिले सहा आठवडे काहीच मिळालं नव्हतं आणि त्या मनातल्या मनात रुसल्या होत्या. ग्रुप केला तर त्यात गुड मॉर्निंगची फुलं आणि राजकारण येणार नाही, एवढं पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगून टाका.

१६. घरच्या म्हाताऱ्या माणसांकडे स्मार्टफोन नाही. त्यांचं काय?

त्यांना फोन करून ऐकवा. मी मोठ्या बाबांना रोज संध्याकाळी सातला फोन लावून स्पीकरवर गाणं वाजवायचे. आवाज फाटका जायचा, त्यांना ऐकूही कमीच यायचं, पण दोन सुरांत गाणं ओळखायचे. आपल्याकडचं निम्मं ‘कोणाकडून आलं’ याच माणसांकडे आहे, म्हणून त्यांना सगळ्यात आधी धरा.

१७. रोज पाठवतो, कोणी काहीच बोलत नाही. ऐकतात तरी का?

ऐकतात, पण रोज नाही आणि सगळे नाही. मलाही मार्चमध्ये हेच वाटलं होतं. कोणी अंगठा दाखवत नव्हतं, कोणी काही लिहीत नव्हतं. मग धरमपेठेत भाजी घेताना एका शेजाऱ्यांनी थांबवून विचारलं, परवाचं ते गाणं तुमच्या सासऱ्यांचं होतं नं? त्यांनी पहिल्या दिवसापासून सगळी ऐकली होती, रात्री कुत्र्याला फिरवताना. लिहिण्याची त्यांना सवय नाही. उत्तर यावं म्हणून गाणं निवडू लागलात की लोकांना आवडेल ते पाठवाल आणि स्वतःचं बाजूला राहील. हवं तर महिन्यातून एकदा विचारा: या महिन्यातलं कोणतं गाणं तुमच्याकडे आधीपासून होतं, आणि कोणाकडून आलं होतं? या प्रश्नाला हमखास उत्तरं येतात.

१८. मधेच घरात कोणी वारलं तर थांबायचं का? चालू ठेवलं तर लोक काय म्हणतील?

हा प्रश्न तिघांनी विचारला आहे, आणि मलाही त्यातून जावं लागलं. प्रश्न १६ मधले मोठे बाबा ऑगस्टमध्ये गेले. मी तेरा दिवस थांबले. कोणी सांगितलं म्हणून नाही, संध्याकाळी सात वाजले की हात फोनकडे जायचा आणि पुढे काही करवत नव्हतं. चौदाव्या दिवशी त्यांच्याकडून आलेलं गाणं पाठवलं आणि त्यापुढचे नऊ दिवसही त्यांचीच. त्या नऊ दिवसांत चुलतभावंडांनी मला माहीत नसलेल्या गोष्टी लिहिल्या. ते तरुणपणी बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) सिनेमाच्या गाण्यांची पुस्तकं विकत घ्यायचे आणि घरी येऊन पाठ करायचे, हे मला तेव्हा कळलं.

थांबा किंवा चालू ठेवा, दोन्ही बरोबर आहे. घरच्या मोठ्यांना एकदा विचारून घ्या म्हणजे कोणाचं मन दुखावत नाही. थांबलेले दिवस भरून काढायचे नाहीत. आणि वर्षाची शेवटची तारीख पुढेही ढकलू नका, वहीत ते दिवस कोरेच राहू द्या.

१९. ज्या माणसाकडून गाणं मिळालं त्याच्याशी आता बोलणं नाही. मग?

गाणं तुमचं आहे, पाठवा. नाव लिहायलाच हवं असं नाही. ‘एका जुन्या मैत्रिणीकडून’ इतकं पुरतं. पण खोटं नाव घालू नका आणि ‘असंच कुठेतरी ऐकलं’ असंही लिहू नका. एका ताईंनी अशी सोळा गाणी पूर्ण वर्ष बाजूला ठेवली होती, डिसेंबरात एकेक करून पाठवली. पुढे काय झालं ते त्यांचं त्यांच्यापाशी. संबंध इतका कडू असेल की गाणं लागताच त्रास होतो, तर ते आता तुमच्या आवडीचं राहिलेलं नाही, ते सोडून द्या.

२०. जे गाणं कुठेच रेकॉर्ड झालेलं नाही ते कसं पाठवायचं?

ज्याला येतं त्याच्याकडून म्हणवून घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. अंगाई, जात्यावरच्या ओव्या, लग्नात हळद दळतानाची गाणी, शेतात धानाच्या रोवणीच्या (लावणीच्या) वेळी बाया म्हणतात ती. कूलर, पंखा आणि टीव्ही बंद करा, फोन हातभर अंतरावर ठेवा, आणि ‘आता गा’ असं म्हणू नका, कारण मग माणसं लाजतात. भाजी निवडताना, शेंगा फोडताना विषय काढा. चाल चुकली, कडवं विसरलं तरी थांबवू नका. पाठवण्याआधी त्यांची परवानगी मात्र घ्या, आणि त्यांनी नाही म्हटलं तर ते रेकॉर्डिंग घरातच ठेवा.

२१. शेवटच्या दिवशी काय पाठवावं? आणि मग त्या यादीचं काय करायचं?

मी भैरवी पाठवली. मैफलीचा शेवट भैरवीने करतात आणि मला त्याहून बरं काही सुचलं नाही.

यादी कागदावर उतरवा. लिंका टिकत नाहीत, माझ्या काही तर वर्ष संपायच्या आतच बंद पडल्या. साधी दोनशे पानी वही घ्या आणि तीन रकाने आखा: गाणं, कोणी गायलं, कोणाकडून आलं. मी हे जानेवारीत चार दिवस बसून केलं. तिसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा आई आहे, मग मोठे बाबा, आणि तिसऱ्या नंबरवर माझ्या शाळेच्या ऑटोचे चालक, ज्यांची आठवण मी हे वर्ष सुरू करेपर्यंत एकदाही काढली नव्हती. सात वर्षं रोज सकाळी त्यांच्या ऑटोत मी गाणी ऐकली होती. त्यांचा पत्ता लागायला मला फेब्रुवारी उजाडला. तुम्ही वही पूर्ण झाली की लगेच तिसरा रकाना वाचा, आणि त्यातल्या ज्यांचे फोन लागतात त्यांना त्यांची त्यांची गाणी वाचून दाखवा.